जागेची पारख

बँकेत असताना दुकानासाठी कर्ज मागायला येणाऱ्यास माझा पहिला प्रश्न असे, "जागा कोणती?" भांडवलाची चौकशी नंतर. चंद्रपूरच्या गोल बाजारात गाळा मिळाला नाही, तर जाणता व्यापारी स्वस्थ बसत नाही. गिऱ्हाईक कमी, पण चढाओढही कमी, अशा पेठेत तो दुकान थाटतो. प्राणीही अधिवास असाच निवडतात, असे १९७०च्या सुमारास फ्रेटवेल आणि ल्यूकस या अभ्यासकांनी मांडले. उत्तम जागेत गर्दी झाली की दुय्यम जागा परवडू लागते.

ताडोबात वाघांची क्षेत्रे आज एकमेकांस भिडली आहेत. सुमारे दोन वर्षांचा तरुण वाघ आईचे क्षेत्र सोडतो, तेव्हा त्याला नवी जागा शोधावीच लागते. कोणी ब्रह्मपुरीच्या जंगलात जातो, कोणी वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत शिरतो, तर कोणी चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात मुक्काम करतो. तेथे वेड्या बाभळीची दाट झुडपे आहेत, पाणी आहे, रानडुकरे व मोकाट गुरेही आहेत. आडोसा, पाणी आणि सावज या खुणांवरच वाघ जागा पारखतो. खुणा खऱ्या, पण रात्रपाळीहून परतणारा कामगार त्याच्या हिशेबात नसतो. वरून ताळेबंद चोख आणि आत बुडीत कर्ज, असा हा प्रकार! पर्यावरणशास्त्रात अशा फसव्या अधिवासाला सापळाच म्हणतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये या परिसरात वाघाच्या हल्ल्यात एक कामगार दगावला. पाठोपाठ लगतच्या दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाचा बळी घेतला.

गडचिरोलीत २०२१ साली छत्तीसगडकडून आलेल्या हत्तींनाही बांबूच्या रानाशेजारी धानाचे उभे पीक सापडले. शेतकऱ्याचे वर्ष मात्र त्यात गेले.

बिबट्याचा हिशेब याहून सोपा. कुत्री व डुकरे जेथे, तेथे तो. आणि ती जमतात आपल्या दुकानांच्या, भोजनालयांच्या मागील उकिरड्यावर. आमच्या घरीही उरलेली पोळी कुत्र्यांसाठी गल्लीच्या टोकाशी ठेवण्याची जुनी रीत होती. हेतू दयेचाच. आता ती पोळी आम्ही गोशाळेत पोहोचवतो. गल्लीतली दोन म्हातारी कुत्री मात्र अजून संध्याकाळी दाराशी येऊन उभी राहतात; त्यांना सौभाग्यवती अंगणातच, समोर बसवून खाऊ घालते आणि ताटली उचलून आत आणते.