धूर कुठे जातो, बॉस?

नव्या फ्लॅटचं पझेशन मिळालं की सगळ्यांचे फंडे एकदम क्लिअर असतात. मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, बाथरूमला भारी टाइल्स आणि तो छत्रीएवढा शॉवर. शेवटी कुणाला तरी आठवतं, 'अरे, गिझरचं काय?' मग गॅस गिझर येतो. पाणी झटपट गरम, दिसायलाही स्मार्ट. पण त्याच्या डोक्यावर जे गोल तोंड असतं, त्यातून निघणारा वायू जाणार कुठे, हे कुणी विचारत नाही.

थोडं गणित करू या. सहा लिटरचा गिझर फुल सोडला तर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. त्याला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. म्हणजे पंधरा मिनिटांच्या आंघोळीला तीन घनमीटर. पाच बाय सातच्या बाथरूममध्ये हवा असते जेमतेम नऊ घनमीटर! दार बंद, थंडी म्हणून खिडकीही बंद. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा, आणि ते तर ज्योतीत जळून गेलेलं असतं. तेव्हा 'वास आला की कळेलच की' हा युक्तिवाद बाद. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात आणि हात कडीपर्यंत पोचतच नाही. आपल्याकडच्या डॉक्टरांनी याला 'गॅस गिझर सिंड्रोम' असं नावच देऊन टाकलंय. फिट आली म्हणून आणलेला पेशंट कधीकधी याचाच निघतो.

'पण एग्झॉस्ट फॅन आहे ना!' हे हमखास ऐकू येतं. बंद बाथरूममधली हवा फॅनने बाहेर ओढली की ती जागा भरायला गिझरच्याच पाइपातून वायू उलटा आत येऊ शकतो. झाली का पंचाईत?

माझ्या मावसबहिणीच्या वाकडच्या फ्लॅटमध्ये प्लंबरकाकांनी सॉलिड प्लॅन काढला होता. गिझर बाथरूममध्येच, पीव्हीसीचा पाइप फॉल्स सीलिंगवरून तीन वळणं घेत थेट बिल्डिंगच्या डक्टमध्ये. 'काही दिसणार नाही मॅडम,' काका खूश. मी नाही म्हटलं. "दादा, तू फार टेन्शन घेतोस हं," इति बहीण.

घेतोच. गरम वायूने पीव्हीसी मऊ पडतो, सांधा सुटतो, तोही सीलिंगच्या वर, जिथे कुणी बघत नाही. पाइप धातूचाच हवा. प्रत्येक काटकोनी एल्बो साधारण मीटरभर जादा पाइपाइतका अडथळा करतो, म्हणजे तीन वळणं फुकटची तीन मीटर. बिनपंख्याच्या गिझरचा वायू आपला आपण वर चढतो, त्यामुळे पाइप आधी सरळ वर, मगच बाहेर. पंखेवाल्याचा पाइप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता, नाहीतर पावसाचं पाणी थेट गिझरमध्ये. आणि डक्ट? त्यात वरच्या आजींच्या बाथरूमची खिडकी उघडते!

गिझर आतच हवा असेल तर पाइपात पाइप असलेलं बंद मॉडेल घ्या. बाहेरच्या नळीतून ताजी हवा येते, आतल्या नळीतून जळलेला वायू जातो, खोलीच्या हवेशी संबंधच नाही. महाग पडतं. माझ्या मते टाइल्समध्ये वाचवा.

बहिणीचा गिझर शेवटी ड्राय बाल्कनीत गेला. तिथे स्लायडिंग काचा लावून 'जादा खोली' करायचा भावोजींचा बेत होता, तो रद्द, कारण बंद केलेली बाल्कनी म्हणजे पुन्हा बाथरूमच. पाइपाला एकच एल्बो, तोंड उघड्यावर, टोकाला कंपनीची जाळीदार टोपी. डासांची जाळी नाही, ती काजळीने बुजते. पण टोपी हवीच, पुण्यातली कबुतरं पाइप दिसला की काड्या घेऊन हजर! पॅसेजमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लागलाय.

आता सोसायटीचे सेक्रेटरी म्हणताहेत, भिंतीतून पाइप बाहेर दिसला की एलिव्हेशन बिघडतं. रविवारी मीटिंग आहे. मी जातोय, नऊ घनमीटरचं गणित घेऊन.