एका चाचणीवरून निवाडा नको

दहा ‘चूक की बरोबर’ प्रश्नांपैकी सातांची उत्तरे अचूक आली, की आम्ही शिक्षक मुलाला ‘हुशार’ म्हणून मोकळे होतो. तीनच आली, तर ‘मठ्ठ’ म्हणून. निपाणीच्या मुलांना शिकविताना आमच्या हातूनही हा अन्याय घडला आहे.

द्विपद संभाव्यतेचे गणित येथे आमचे कान उपटते. प्रत्येक उत्तर नाणे उडवून लिहिले, तर चूक-बरोबरचे १०२४ क्रम संभवतात. त्यांपैकी १७६ क्रमांत सात किंवा अधिक उत्तरे बरोबर येतात. म्हणजे काही न वाचलेल्या सहा मुलांपैकी सरासरी एक केवळ दैवयोगाने ‘हुशार’ ठरेल! प्रश्न वीस करून चौदांची अट घातली, तर हेच प्रमाण शेकडा सहाच्याही खाली येते. मात्र शेजाऱ्याच्या वहीत डोकावले, की हे गणित कोसळते. प्रत्येक उत्तर स्वतंत्र असावे लागते.

हे शास्त्र आपणांस परके नाही. पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाची धुरा १९५३ मध्ये खांद्यावर घेतलेले वसंत शंकर हुजूरबाजार शेजारच्या कोल्हापुरातच जन्मले. कला शाखेच्या आम्हां पदवीधरांनीही ते शिकावे.

विद्यार्थिमित्रहो, एका चाचणीने फुगू नका, खचूही नका. आणि आम्ही शिक्षकांनी निवाडा देण्यापूर्वी आणखी दहा प्रश्न विचारावेत.