दुर्लक्षित काळी खपली

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर व विदर्भातील आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसचे रुग्ण सापडू लागले, त्यांतले काही दगावले, तेव्हा थोडे दिवस वृत्तपत्रांचे रकाने या अनोळखी नावाने भरून गेले. हा कोणी नवा रोग आला आहे, असा सर्वसाधारण समज झाला. रोग नवा नव्हता. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर या तापाने दोस्तांच्या फौजांना जेरीस आणले होते आणि म्हणूनच त्यावर घाईघाईने संशोधन झाले. १९४८ साली मलायात क्लोरॅम्फेनिकॉल या औषधाने रुग्ण बरे होतात, हे सिद्धही झाले. म्हणजे नागपूरच्या साथीच्या सत्तर वर्षे आधी इलाज हाती आला होता. परंतु फौजा माघारी गेल्या आणि त्यांच्याबरोबर या रोगाविषयीची आस्थाही गेली. मागे उरली ती गवत कापणारी बाई. तिच्या तापासाठी घाई करण्याची गरज कोणत्याच सत्तेला भासली नाही.

हा रोग पसरवणारा जीव डोळ्यांना जेमतेम दिसतो. उंदीर-घुशींच्या वावराच्या जागी, झुडपांत व ओल्या गवतात राहणाऱ्या माइट नावाच्या किड्याची ती अळी. ती चावते तेव्हा दुखत नाही, खाजतही नाही. दहाएक दिवसांनी ताप चढतो. चावा लागतो तो अर्थातच गवतात बसून काम करणाऱ्याला. धुऱ्यावरचे गवत कापणे, निंदणी, सरपण गोळा करणे, गवताचा भारा डोक्यावर आणणे ही कामे खेड्यापाड्यांत बहुशः स्त्रियांच्या वाट्याला येतात. हिमाचलच्या डोंगरउतारांवर पावसाळा सरताना हिवाळ्याचा चारा कापणाऱ्या बायकांची हीच कथा आहे. घरात शौचालय नसेल वा असूनही त्यात पाणी नसेल, तर झुडपाच्या आडोशाला बसावे लागते, तेही तिलाच अधिक.

यातली बाई गरोदर असली म्हणजे धोका एकाचा दोन जिवांना होतो. गर्भपात, मृत बालकाचा जन्म, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजनाचे मूल हे या रोगाचे नोंदलेले परिणाम आहेत. उपचारास उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे व मेंदूपर्यंत आजार पोहोचतो आणि आईही जाते. त्यातून फसगत अशी की, रक्तातील प्लेटलेट्स घटणे, यकृतावर सूज येणे ही लक्षणे गर्भारपणातील रक्तदाबाच्या गंभीर विकारातही दिसतात. डॉक्टरांचे लक्ष तिकडे वळते आणि खरा शत्रू मोकळा राहतो.

वास्तविक निसर्गाने एक खूण ठेवली आहे. चाव्याच्या जागी पुष्कळदा सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली धरते. प्रत्येक रुग्णात ती आढळतेच असे नाही, पण आढळली तर निदान जवळजवळ तिथेच संपते. मात्र ही खपली असते काखेत, जांघेत, स्तनांखाली, लुगड्याच्या निऱ्या खोचतात तिथे. ती पाहायची तर आडोसा हवा, स्त्री डॉक्टर वा परिचारिका हवी आणि तपासणीला पाच मिनिटांचा वेळ हवा. ज्या दवाखान्यात एका बाकावर सहा बायका बसवून स्टेथोस्कोप पदरावरूनच टेकवला जातो, तिथे खपली कोणाला दिसणार? ती बाई स्वतःहून सांगत नाही. तिला ते गळू वाटते. मग मलेरियाची तपासणी होते, विडाल होते, डेंगूची होते. सारे निष्फळ ठरल्यावर गावातला खाजगी डॉक्टर पेनिसिलिनच्या कुळातली महागडी इंजेक्शने सुरू करतो. या जंतूवर त्या कुळाचा काडीचाही परिणाम होत नाही. आठवडा आणि बाईची मजुरी दोन्ही त्यात संपतात.

उपाय मात्र साधा आहे. एरवी वापरले जाणारे डॉक्सिसायक्लिन गर्भारपणात टाळण्याची रीत आहे. त्या ठिकाणी अॅझिथ्रोमायसिन चालते. ते अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि तोंडाने घेता येते. रक्ताची आयजीएम तपासणी पहिल्या आठवड्यात फसवू शकते, म्हणून नुसत्या संशयावरून औषध सुरू करणे हेच शहाणपणाचे. विज्ञानाकडे या बाईसाठी काहीच नाही, असे कोणी म्हणू नये. तथापि, तिथेही ती रांगेत शेवटी आहे. गंभीर स्क्रब टायफसमध्ये दोन्ही औषधे एकत्र दिल्यास अधिक गुण येतो, हे भारतातील रुग्णालयांत झालेल्या एका मोठ्या चाचणीने २०२३ साली दाखवून दिले. त्या चाचणीतून गरोदर स्त्रिया वगळलेल्या होत्या. गर्भाच्या सुरक्षिततेचे कारण पटण्यासारखे आहे. पण जिला सर्वाधिक धोका तिच्याविषयीच सर्वांत कमी पुरावा, ही स्थिती त्या कारणाने न्याय्य ठरत नाही.

आणि समजा तिला हे सारे कोणी समजावून सांगितले, तरी सहाव्या-सातव्या महिन्यात तिने गवतात जायचे नाही म्हणजे खायचे काय? १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यातील रजा २०१७ साली सव्वीस आठवड्यांची झाली, त्याचे स्वागत झाले, ते योग्यच होते. शेतमजूर बाईला त्यातला एक दिवसही मिळाला नाही, कारण तिला आस्थापना नाही, हजेरीपट नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, गवतावर बसू नका, हा सरकारी भित्तिपत्रकांवरचा उपदेश चुकीचा नाही. ज्याला बसण्याखेरीज गत्यंतर नाही त्याला तो केलेला आहे, इतकेच.

जुलै ते नोव्हेंबर या काळात प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात अॅझिथ्रोमायसिनचा साठा आहे की नाही, हे ग्रामसभेत विचारता येते. तपासणीच्या खोलीला पडदा आहे का, हेही विचारता येते. आशा कार्यकर्तीला काळ्या खपलीची ओळख करून दिली आहे का, हेही. रोजगार हमीच्या कामावर गमबूट व हातमोजे मागणे ही ऐट नव्हे. माता-मृत्यूच्या चौकशीत 'ताप' एवढाच शेरा मारून फाइल मिटत असेल, तर कोणता ताप, कोणती तपासणी झाली, कोणते औषध कितव्या दिवशी मिळाले, हे लेखी मागितले पाहिजे. विदर्भातल्या कार्यकर्त्यांनी धानाची निंदणी सुरू होण्यापूर्वीच, जूनमध्ये, आपापल्या तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे हे प्रश्न घेऊन जावे, आणि जाताना गरोदर मजूर बायकांनाही बरोबर न्यावे.