हक्क तिसऱ्या वर्षापासून हवा : ठाणे-कल्याणच्या पालकांपुढचा खरा प्रश्न

दरवर्षी आरटीईचे अर्ज सुरू झाले की कळवा, वागळे इस्टेट, कोळसेवाडी, नेतिवलीच्या वस्त्यांत सायबर कॅफेसमोर आई-बापांची रांग लागते. जन्मदाखला, जातीचा दाखला, रहिवासाचा पुरावा यांची जुळवाजुळव होते. लॉटरीत नंबर लागला तर घरात पेढे वाटले जातात. नाही लागला तर फीसाठी पतपेढी गाठावी लागते.

२०२४ मध्ये हा दरवाजाही बंद होणार होता. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने अधिसूचना काढली की, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेवर २५ टक्के जागांचे बंधन नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीसारख्या दाट वस्तीच्या शहरांत एक किलोमीटरमध्ये अशी एकही शाळा नाही, असे ठिकाण शोधूनच काढावे लागेल. म्हणजे कायदा कागदावर राहिला असता आणि जागा गेल्या असत्या. पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे रोजी स्थगिती मिळाली, १९ जुलै रोजी अधिसूचना रद्द झाली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या निकालात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. पालिकेच्या शाळा सुधारल्याच पाहिजेत, यात वाद नाही. पण गरिबाच्या मुलाची खासगी शाळेतली जागा काढून घेणे म्हणजे पालिकेची शाळा सुधारणे नव्हे.

हा विजय मोठा आहे, पण अर्धा आहे. संविधानाच्या कलम २१अ ने दिलेला शिक्षणाचा मूलभूत हक्क ६ ते १४ वर्षांसाठी आहे. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी कलम ४५ आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनंतर त्याचा अर्थ एवढाच, की राज्य प्रयत्न करील. आरटीई कायद्याचे कलम ११ सुद्धा तीन वर्षांवरील मुलांची मोफत सोय सरकार ‘करू शकते’ एवढेच म्हणते. प्रयत्न केला नाही म्हणून कोणाला न्यायालयात खेचता येत नाही.

मूल मात्र सहा वर्षे थांबत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० स्वतःच म्हणते, की मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहाव्या वर्षाआधी होतो. ज्याला परवडते, त्याचे मूल नर्सरी, ज्युनियर, सिनियर करून पहिलीत येते. आपले मूल लॉटरीतून थेट पहिलीत बसते आणि पहिल्याच दिवशी तीन वर्षे मागे असते. मग शिक्षक सांगतात, ‘तुमचं मूल कच्चं आहे.’ कच्चे मूल नसते, कायदा कच्चा असतो.

कलम १२ मध्ये एक महत्त्वाची तरतूद आहे. शाळा पूर्वप्राथमिक वर्ग चालवत असेल, तर २५ टक्क्यांचा नियम त्या वर्गांनाही लागू होतो. अनेक ठिकाणी नर्सरी वेगळ्या नावाने दाखवून ही तरतूद टाळली जाते. इमारत तीच, बस तीच, गणवेश तोच, फक्त पाटी वेगळी.

परवडण्याइतकाच प्रश्न सुरक्षिततेचा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. तक्रार नोंदवून घ्यायलाच विलंब झाला. २० ऑगस्टला संतप्त पालक आणि नागरिक रेल्वे रुळांवर उतरले, कित्येक तास लोकल बंद पडली. त्यानंतर उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सरकारने शाळांसाठी सीसीटीव्हीसह सुरक्षेचे आदेश काढले. तीन-चार वर्षांच्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी आई-बापांना रुळांवर बसावे लागते, हे या व्यवस्थेचे प्रगतिपुस्तक आहे.

मग पर्याय कोणता? तो याच मातीतला आहे. १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले. गावातल्या बालवाडीत दलित-आदिवासी मुले येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना तिथली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला. आज शहरात तीच अंगणवाडी बऱ्याचदा भाड्याच्या एका खोलीत चालते. मुलांना शिकवणे, आहार, वजन-उंचीच्या नोंदी, सर्वेक्षण, सगळे एका सेविकेच्या माथी. डिसेंबर २०२३ मध्ये याच सेविकांना मानधनवाढीसाठी राज्यभर संपावर जावे लागले. सेविकेची लढाई आणि पालकांची लढाई वेगळी नाही.

मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी आकडा मांडला होता : प्राथमिक शाळेत येणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात. खालच्या वर्गांसाठी शिक्षण होईल तितके स्वस्त केले पाहिजे, ही त्यांची मागणी होती. आज मुले शाळेत पोहोचतात, पण गळतीचे बीज सहाव्या वर्षाआधीच पडते.

तरुणांनी तीन कामे हाती घ्यावीत. एक, आपल्या भागातील कोणत्या शाळा नर्सरी चालवतात आणि आरटीईचा प्रवेश मात्र पहिलीतच दाखवतात, याची यादी माहिती अधिकारातून मिळवून पालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार करावी. दोन, वस्तीतली अंगणवाडी पाहून यावी. ती पालिकेची नसते, महिला व बालविकास विभागाची असते. म्हणून मागणी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे न्यावी. जागेची अडचण असेल तर सकाळी रिकामे असलेले विहार किंवा समाजमंदिर देऊ करावे. तीन, गल्लीतल्या खासगी नर्सरीकडे फीची पावती, कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी आणि शासकीय नोंदणी मागावी, पालकांनी एकत्र येऊन मागावी.

जयंतीच्या वर्गणीची वही घेऊन आपण प्रत्येक दारात जातोच. या वर्षी त्याच वहीत एक रकाना वाढवा : घरात तीन ते सहा वर्षांचे मूल आहे का, आणि ते कुठे शिकते? ही यादी हातात आली की नगरसेवकाला आणि अधिकाऱ्याला टाळता येणार नाही.