भोजनयानाचा वारसा नेमका कुणाचा?

#धागा #रेल्वेचा_इतिहास

१/ पावसाळा लागला की समाजमाध्यमांवर एक छायाचित्र हमखास फिरू लागते. रेल्वेचे भोजनयान, टेबलावर पांढरीशुभ्र चादर, चकाकणारे काटे-चमचे आणि खिडकीबाहेर धुक्यात बुडालेला घाट. खाली ओळ असते : ‘काय ते दिवस होते!’ त्यापाठोपाठ मागणी येते की, निसर्ग पाहत, डब्यातच जेवत करायचा असा प्रवास आपल्याकडेही सुरू व्हावा. तो ‘आपला वारसा’ आहे. हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील तरुणही ही मागणी उत्साहाने पुढे पाठवतात. या धाग्यात त्यातील ‘आपला’ या एका शब्दाची झडती घ्यायची आहे.

२/ आरंभ हिंगोलीपासूनच करावा. निजामी राजवटीत हिंगोली परभणी जिल्ह्यात होती; स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. एकोणिसाव्या शतकात येथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. गोरे अधिकारी, त्यांचे बंगले, त्यांची मेजवानीची टेबले हे सारे तेव्हा हिंगोलीत होते. १९०३ मध्ये ती फौज ब्रिटिश-भारतीय सैन्यात विलीन झाली आणि छावणी उठली. साहेब गेले, कापसाचा बाजार उरला.

३/ रेल्वे आली ती त्यानंतर. पूर्णा ते हिंगोली हा सुमारे ८० किलोमीटरचा मीटरगेज फाटा १९१२ मध्ये सुरू झाला. मनमाड–सिकंदराबाद या निजामी राज्यातील मुख्य मार्गाला तो पूर्णेला जोडलेला होता आणि हिंगोली हे त्याचे शेवटचे स्थानक होते. म्हणजे साहेबांची छावणी उठल्यावर नऊ वर्षांनी हिंगोलीकरांनी आगगाडी पाहिली. तिने वाहिले ते कापसाचे गठ्ठे, बाजारकरू, यात्रेकरू आणि पोटासाठी गाव सोडणारी माणसे.

४/ मीटरगेजच्या दोन रुळांतील अंतर एक मीटर, तर ब्रॉडगेजमधील १.६७६ मीटर. एका रुळावरचा डबा दुसऱ्यावर चालत नाही. त्यामुळे मुंबईला निघालेला हिंगोलीचा माणूस पूर्णेला गाडी बदलून मनमाडला पोहोचे आणि तेथे पुन्हा उतरून ब्रॉडगेजची गाडी धरी. मुंबईकडे जाणाऱ्या मालाचेही तेच. मनमाडला हमालांच्या पाठीवरून तो एका वाघिणीतून दुसरीत जाई. या फाट्याच्या इतिहासातील सर्वांत ठळक दृश्य कोणते असेल, तर ते फलाटावर उतरवलेल्या बोजाचे आहे.

५/ मग हा प्रवासी खात काय होता? शिदोरी. भाकरी, ठेचा, कांदा, गूळ. लांबचा प्रवास असेल तर दशमी. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात, म्हणून ती टिकते. परंतु तिच्या मागे आणखी एक हिशेब होता. दुधात भिजवलेल्या पदार्थाला खरकट्याचा दोष लागत नाही, अशी सोवळ्याची समजूत होती. शिदोरीचा गौरव करतानाही हे विसरू नये. तिच्या गाठीत काटकसर होती, माया होती आणि जातही होती.

६/ भोजनयान हे निराळे जग होते. ते लांब पल्ल्याच्या मेल गाड्यांना जोडलेले असे. त्या काळी एका डब्यातून दुसऱ्यात आतूनच जाण्याची सोय बहुधा नसे. म्हणून उच्च वर्गाचा प्रवासी एखाद्या स्थानकावर उतरून भोजनयानात शिरे, गाडी चालू असताना जेवे आणि पुढल्या थांब्यावर आपल्या डब्यात परते. केल्नर, ब्रँडन, स्पेन्सर या कंपन्या त्या जेवणाच्या व्यवस्थेसाठी प्रसिद्ध होत्या. तिसऱ्या वर्गाचे तिकीट खिशात असणाऱ्याला त्या दारात स्थान नव्हते.

७/ फलाटावरही तीच विभागणी होती. युरोपियनांचे उपाहारगृह वेगळे, हिंदूंचे वेगळे, मुसलमानांचे वेगळे. पाणीसुद्धा ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुस्लिम पाणी’ अशा नावांनी विभागलेले. रुळांनी देश जोडला, हे वाक्य शाळेपासून पाठ असते. त्याच रुळांच्या कडेला तहानेची वाटणी पाट्या लावून केली जात होती, हेही त्याच वाक्याचे उत्तरार्ध म्हणून शिकवले गेले पाहिजे.

८/ १९१७ मध्ये गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाविषयी सविस्तर लिहिले. मुंबईहून मद्रासपर्यंत त्यांनी त्या वर्गातून प्रवास केला होता. कोंबलेले डबे, अस्वच्छ शौचकूप, माश्या बसलेली मिठाई आणि चहा या नावाखाली मिळणारे गढूळ पाणी या सर्वांची त्यांनी नोंद केली. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटीहून थोडे अधिक आहे. मग तिसऱ्या वर्गाला पहिल्याच्या एक पंचमांश तरी सुख मिळते काय, हा त्यांचा प्रश्न होता.

९/ त्यांचा दुसरा मुद्दा अधिक बोचरा होता. वरच्या वर्गांच्या वाढत्या चैनीचा खर्च तिसऱ्या वर्गाच्या भाड्यातून निघतो, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. प्रवासी वाहतुकीच्या उत्पन्नाचा फार मोठा वाटा तिसऱ्या वर्गाकडूनच येत असे. तेव्हा छायाचित्रातील त्या पांढऱ्या चादरीचा धनी कोण, हे पाहायचे तर चादरीभोवती बसलेल्यांकडे पाहून भागत नाही. तिचे पैसे ज्याने भरले, तो छायाचित्रात नाही. तो मागच्या डब्यात उभा आहे.

१०/ रेल्वे, प्रवास आणि अन्न यांविषयी मराठी मुलखातील सर्वांत महत्त्वाची नोंद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी १९०१ च्या सुमाराची हकिकत सांगितली आहे. वडिलांना भेटण्यासाठी काही मुले साताऱ्याहून आगगाडीने निघून मसूर स्थानकावर उतरली. कपडे नवे, मन हरखलेले, जवळ भरपूर शिदोरी. न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने चौकशी केली आणि जात कळताच तो मागे सरला.

११/ गाडीवान मिळेना. अखेर एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला. पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो पायी चालणार. वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही. नाक्यावरही नकारच आला. पाण्यावाचून घास उतरेना, म्हणून शिदोरी जवळ असूनही ती मुले रात्री उपाशी झोपली. तिकीट पूर्ण भरलेले होते, गाडी ठरल्या ठिकाणी पोहोचली होती. तरीही प्रवासातल्या त्या जेवणाला पाणी मिळाले नाही.

१२/ आता ज्या गाडीचे नाव या चर्चेत हटकून निघते तिच्याकडे वळू. ‘डेक्कन क्वीन’ १ जून १९३० रोजी मुंबई–पुणे मार्गावर सुरू झाली. आरंभी तिला केवळ पहिला आणि दुसरा वर्ग होता. १९४९ मध्ये जुना पहिला वर्ग रद्द करून दुसऱ्यालाच पहिला म्हटले गेले. तिसऱ्या वर्गाला या गाडीत प्रवेश मिळाला तो १९५५ मध्ये. म्हणजे तिच्या आयुष्याची पहिली २५ वर्षे सामान्य प्रवाशाने ती घाटातून जाताना बाहेरूनच पाहिली.

१३/ यातून निघणारा निष्कर्ष गुळगुळीत करून सांगण्यासारखा नाही. पुणेकरांचा या गाडीवर जीव जडला तो नोकरदार तिच्यातून रोज ये-जा करू लागले म्हणून. तिचे भोजनयान आजही आहे आणि दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशालाही तेथे बसून न्याहारी करता येते. तो डबा ‘आपला’ झाला तो दार उघडल्यावर. जो क्षण अभिमानाचा आहे तो १९५५ चा. समाजमाध्यमे मात्र १९३० चे छायाचित्र फिरवतात.

१४/ येथे एक आक्षेप अपेक्षित आहे : ‘जुन्या वस्तूंचे सौंदर्यही पाहू नये काय?’ अवश्य पाहावे. सागवानी डब्याची कारागिरी, घाटातील बोगदे, वाफेच्या इंजिनाची यंत्ररचना ही सारी माणसाच्या हातांची कमाई आहे. तक्रार सौंदर्याविषयी नाही. त्या सौंदर्यात आपण त्या काळी कोठे बसलो असतो, हा प्रश्न टाळण्याविषयी आहे. हिंगोलीच्या तरुणाचा पणजोबा त्या टेबलापाशी बसलेला असण्यापेक्षा मनमाडच्या फलाटावर गठ्ठ्याशेजारी बसलेला असण्याची शक्यता कितीतरी अधिक.

१५/ दुसरा आक्षेप पर्यटनाचा : ‘अशा गाड्यांनी रोजगार येतो.’ येतोही. २००४ मध्ये ‘डेक्कन ओडिसी’ ही आलिशान गाडी सुरू झाली. २०१७ मध्ये मुंबई–मडगाव जनशताब्दीला मोठ्या काचांचा विस्टाडोम डबा जोडला गेला. या दोहोंतील भेद लक्षात घ्यावा. पहिली गाडी केवळ धनिकांसाठी स्वतंत्र धावते. दुसऱ्या उदाहरणात नेहमीच्या गाडीलाच एक महाग डबा लागतो आणि त्याच घाटातून, त्याच वेळी, साध्या तिकिटाचा प्रवासीही जातो. वारसा म्हणून विचार करायचा तर दुसरी वाट अधिक सभ्य आहे.

१६/ हिंगोलीच्या रुळांची पुढची कथा या वादाला थेट भिडते. स्वातंत्र्यानंतर हिंगोलीचा फाटा वाशिम, अकोलामार्गे खांडव्याला जोडला गेला. तेथून महू, इंदूर, रतलामकडे जाणारा मीटरगेज मार्ग आधीच होता. खांडवा–इंदूर भाग तुकोजीराव होळकर दुसरे यांनी दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून उभा राहिला होता. अशा रीतीने शेवटचे स्थानक असलेली हिंगोली दक्षिण आणि उत्तर यांच्या मधल्या वाटेवर आली.

१७/ या साखळीतील अकोट–खांडवा टप्पा मेळघाटातून जात असे. धूळघाटजवळ चढ कमी करण्यासाठी रूळ वळसा घेऊन स्वतःच्याच मार्गावरून पुढे जात. निसर्गदर्शनाचा प्रवास म्हणतात तो हाच. आणि तो साध्या पॅसेंजरच्या तिकिटात होत असे. २०१७ पासून रुंदीकरणासाठी तो बंद झाला. व्याघ्र प्रकल्पातून ब्रॉडगेज नेण्यास वन्यजीव अभ्यासकांचा विरोध होता आणि तो रास्त होता. मात्र जंगलाकाठच्या कोरकू वस्त्यांची गाडी गेली, याचा शोक करणारी छायाचित्रे फारशी फिरली नाहीत.

१८/ याच साखळीच्या उत्तरेकडील टोकाला, महूजवळ पातालपाणी ते कालाकुंड या घाटात डिसेंबर २०१८ पासून ‘हेरिटेज’ गाडी धावू लागली. धबधबा, बोगदे, दरी, पर्यटक खूश. ती धावावीच. परंतु एकाच साखळीचे हे दोन तुकडे शेजारी ठेवून पाहावेत. जेथे रोजचा प्रवासी होता तेथे रूळ मुके झाले आणि जेथे सहलीचे तिकीट विकता आले तेथील मीटरगेज ‘वारसा’ ठरले. कोणती स्मृती जपायची हे जेव्हा केवळ तिकिटाची किंमत ठरवते, तेव्हा इतिहास मागे पडतो आणि जाहिरात पुढे बसते.

१९/ हिंगोलीचा भाग सुदैवी ठरला. अकोला–पूर्णा मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. पूर्वी जालन्यापर्यंतच येणारी मुंबईची जनशताब्दी २०२४ मध्ये हिंगोलीपर्यंत वाढवली गेली. मनमाडच्या फलाटावर बोजा उतरवण्याचा जो इतिहास १९१२ मध्ये सुरू झाला, त्याची ही खरी सांगता आहे. यावर मात्र कुणी हळव्या ओळी लिहीत नाही, कारण येथे टेबलावर पांढरी चादर नाही. वसमत, बोल्डा, नांदापूरच्या बाजूला खिडकीतून दिसणारी हळद आणि कपाशी आहे.

२०/ तरीही मराठवाड्यात वारसा-गाडी हवीच असेल, तर तिच्या अटी इतिहासाने घालाव्यात. तिला सर्वसाधारण वर्गाचा डबा असावा. जेवणात दशमी, भाकरी, ठेचा असावा आणि त्यासोबत दशमीची सोवळ्याची कथाही सांगितली जावी. भिंतीवर निजामी राज्याच्या मोहरेबरोबरच मनमाडचे हमाल, मसूरची ती रात्र आणि १९५५ चे उघडलेले दार असावे. पाण्याचा माठ एकच असावा. एवढे असेल तर त्या डब्याला वारसा म्हणण्यास कोणाची हरकत असणार नाही.

२१/ आणि जोवर तशी गाडी नाही, तोवर इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक साधा नियम पाळावा. भोजनयानाचे ते छायाचित्र पुढे आले की, टेबलाशी बसलेल्यांची नावे शोधण्याआधी ताट आणून ठेवणाऱ्या हाताकडे पाहावे. त्यानंतर गाडीच्या शेवटच्या डब्याकडे जावे. हिंगोलीचे पूर्वज तेथे भेटतात. त्यांच्या मांडीवर फडक्यात बांधलेली शिदोरी आहे आणि पुढल्या स्थानकावर पाणी मिळेल की नाही, याची त्यांना खात्री नाही.

#हिंगोली #मराठवाडा #रेल्वेचा_इतिहास