फर्नेसवरील कॉइल आणि आमचा मोठेपणा

गेल्या गणेशोत्सवात महाप्रसादाच्या पंगती उठल्यावर जी मंडळी न्यू जर्सीतील आमच्या मंडळाच्या सभागृहात रेंगाळली होती, त्यांतील एका गृहस्थांनी आपल्या घर उबविणाऱ्या फर्नेसवर वातानुकूलनाची पाच टनांची कॉइल बसविल्याचे वर्तमान ज्या थाटात निवेदन केले, तो थाट जहागिरीची सनद मिळालेल्या सरदारालाच शोभला असता. आणि त्यांच्या शेजारचे दुसरे गृहस्थ, "आम्ही सांगलीच्या उन्हाळ्यात माठावर वाढलो, असली थेरं आम्हाला ठाऊक नव्हती," असे सुनावून पुढच्याच वाक्यात त्यांच्या कंत्राटदाराचा पत्ता मागू लागले. सणाच्या दिवशी वाद नको म्हणून तेथे मौन पाळले, ते येथे सोडते.

माझे माहेर साताऱ्याचे आणि सासर सांगलीचे, तेव्हा माठाचा अभिमान मलाही आहे. परंतु चैत्र-वैशाखात आपल्याकडची हवा कोरडी असते, म्हणूनच माठाच्या अंगावर पाझरलेले पाणी झपाट्याने उडून जाते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. न्यू जर्सीच्या जुलैत हवा आधीच ओलाव्याने भरलेली. तिच्यात तोच माठ ठेवला तर तो नुसता पाझरत राहील. ओल ही काय चीज आहे हे सांगलीकरांना तरी सांगावयास नको: कृष्णा-वारणेच्या संगमाजवळील हरिपुरास जमिनीच्या पोटात खणलेल्या पेवांतून हळद वर्षानुवर्षे टिकत असे, ती आत हवेला आणि ओलीला मज्जाव होता म्हणूनच. विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जी योजना आखली, तिचाही मूळ हेतू माणसांना गारवा देण्याचा नव्हता; दमट हवेने कागद फुगे-आखडे आणि रंगांचे ठसे एकमेकांवर नीट बसत नसत, त्याचा बंदोबस्त करावयाचा होता.

कॉइलचे अर्धे काम हवा सुकविण्याचे आहे, आणि पाच टनांच्या डौलात नेमके तेच बिघडते. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू उष्णता बाहेर काढण्याची शक्ती. घराला तीन टन पुरत असता पाच टन बसविले की खोली काही मिनिटांत गार होते, थर्मोस्टॅट यंत्राला विश्रांतीचा हुकूम देतो, आणि कॉइलच्या पत्र्यांवर नुकतेच जमू लागलेले पाणी खालच्या तबकात ठिबकून नळीवाटे जाण्याऐवजी पुन्हा हवेत मिसळते. घर थंड आणि ओलसर, म्हणजे थेट साताऱ्याच्या श्रावणातील माजघर! मग यजमान तापमान आणखी उतरवितात, आणि उन्हाळ्यात मुलांकडे आलेले आजी-आजोबा जुलै महिन्यात शाली पांघरून बसतात. (मंडळाच्या सभागृहाविषयीही हेच म्हणता येईल, पण कार्यकारिणीशी वैर कशाला?)

दुसरी गोष्ट हवेच्या मार्गाची. कॉइलला स्वतःचा पंखा नसतो. फर्नेसचाच ब्लोअर तिच्यातून हवा ढकलतो, आणि प्रत्येक टनामागे मिनिटाला सुमारे ४०० घनफूट हवा लागते. केवळ उबेसाठी बांधलेल्या जुन्या घरांचे डक्ट २,००० घनफुटांचा भार कोठून सोसणार? हवा कमी पडली की कॉइलवर बर्फ धरतो. कॉइल फर्नेसच्या पुढे, उष्ण हवा बाहेर पडते त्या बाजूस असावी, हेही पाहून घ्यावे; मागे बसविली तर थंड हवेमुळे फर्नेसच्या आतील पत्र्यावर पाणी धरते आणि तो गंजतो. पाण्याच्या नळीचा आणि तबक तुंबल्यास यंत्र थांबविणाऱ्या तरंगत्या खटक्याचा विषय तर कोणी काढीतच नाही.

चार मोटारी पाहिल्याखेरीज पाचवी न घेणारे आपले लोक या कामात मात्र शेजाऱ्याचा आकडा ऐकून सही करतात, हे आपल्या सुशिक्षितपणाला लांच्छन आहे. शब्द कठोर झाला. पंगतीत ज्यांच्याकडून आग्रहाने मोदक वाढून घेतले, त्यांच्यावरच हे प्रवचन झोडले याबद्दल वाचकांनी आणि त्या उभय गृहस्थांनी क्षमा करावी. तक्रार मात्र मागे घेत नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की करारनाम्यावर सही करण्यापूर्वी 'मॅन्युअल जे' या पद्धतीने केलेला आपल्या घराच्या उष्णतेचा हिशेब कंत्राटदाराकडून लेखी मागावा, डक्टची मापे घ्यावयास लावावीत, आणि बाहेरचे यंत्र व आतील कॉइल एकाच शीतकारी वायूसाठी व एकमेकांशी जुळणारी आहेत याचा दाखला पाहावा. २०२५ च्या १ जानेवारीपासून अमेरिकेत आर-४१०ए वायूवर चालणारी घरगुती वातानुकूलनाची नवी संपूर्ण यंत्रणा तयार करण्यास बंदी आहे, व नवी यंत्रे आर-३२ किंवा आर-४५४बी या वायूंवर येत आहेत. जुन्या यंत्राला या नव्या वायूची कॉइल स्वस्तात जोडून देतो असे जो म्हणेल, त्याला चहा पाजावा आणि सही न करता निरोप द्यावा.