तहानेपूर्वीची विहीर

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपले पूर्वज सांगून गेले. जव्हार-मोखाड्याच्या माणसाला या म्हणीचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागत नाही. पावसाळ्यात येथे आभाळ फाटते आणि वैशाखात आयाबहिणी हंडे घेऊन दरी उतरतात. पाणी असते तेव्हा ते अडवले जात नाही, म्हणून ही पायपीट. प्रकृतीच्या बाबतीतही आपले असेच चालले आहे. “दुखत नाही, मग दवाखाना कशाला?” हा प्रश्न आपल्या पाड्यांवर जितका ऐकू येतो, तितकाच तो महाविद्यालयाच्या व्हरांड्यातही ऐकू येतो.

परंतु मित्रहो, जे दुखत नाही त्याच्यासाठीच तर तपासणी असते! ताप आला की माणूस आपण होऊन डॉक्टरकडे जातो. पण मूल महिन्या-महिन्याने रोडावत असते तेव्हा ते आईच्या रोजच्या नजरेला दिसत नाही. अंगात रक्त कमी असलेली मुलगी शेतावरही राबते आणि वर्गातही बसते. ‘थकवा आहे’ एवढेच म्हणते. रक्तदाब वाढलेला माणूस तर ठणठणीत दिसतो.

आपल्या भागाला या दुर्लक्षाची किंमत ठाऊक आहे. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. २०१६ साली मोखाडा तालुक्यातील कुपोषित बालकांच्या मृत्यूंनी तीच जखम पुन्हा उघडी केली. कुपोषित बालकाला न्यूमोनिया किंवा अतिसार गाठतो आणि जे दुखणे धडधाकट मूल सोसून जाते, ते त्याला घेऊन जाते. मात्र ही घसरण एका दिवसाची नसते. अंगणवाडीतला वजनकाटा आणि दंडाचा घेर मोजण्याची एक साधी पट्टी ती आधीच सांगू शकतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित समजावे आणि त्याला ताबडतोब उपचारास न्यावे, असा नियम आहे. एवढ्याशा पट्टीवर एक जीव तोललेला असतो.

काही जण म्हणतात, “ज्याच्या पोटात अन्न नाही, त्याचे वजन करून काय साधणार?” आक्षेप खरा आहे. वजनकाट्याने पोट भरत नाही. रोजगार, धान्य आणि पाणी यांना तपासणी हा पर्याय होऊच शकत नाही. तथापि कोणत्या घरात मदत आज पोहोचली पाहिजे आणि कोणत्या घरात महिन्याने चालेल, हे काटाच सांगतो. अट एकच : आकडा वहीत लिहून वही मिटू नये.

दुसराही एक आक्षेप ऐकण्याजोगा आहे. शहरात हल्ली दहा-वीस तपासण्यांची ‘पॅकेजे’ विकली जातात. निरोगी प्रौढांच्या अशा सरसकट तपासण्यांनी मृत्यूचे प्रमाण घटत नाही, असा निष्कर्ष कोक्रेन संस्थेच्या संशोधन-आढाव्याने २०१२ साली व पुन्हा २०१९ साली काढला. म्हणजे वाटेल ती तपासणी वाटेल त्याने करण्यात शहाणपण नाही. योग्य वयात, योग्य माणसाची, ठरावीक मुदतीने आणि पुढे उपाय असलेली तपासणी हवी. अशी तपासणी आज सरकारी व्यवस्थेत मोफत मिळू शकते. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्येच सुरू झाला. गरोदर स्त्रियांसाठी दर महिन्याची ९ तारीख ठरलेली आहे. तिशीनंतर रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा कर्करोग यांची तपासणी व्हावी, असे धोरण आहे. मिश्री आणि तंबाखू घरोघर असलेल्या मुलखात यातील शेवटची तपासणी कमी महत्त्वाची नव्हे.

आता आपल्याविषयी. वर्गात बसणारे आपण बहुतेक लग्नाच्या वयाच्या उंबरठ्यावर आहोत. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आदिवासी समाजांत आढळतो. त्याच्या वाहकाला सहसा कसलाच त्रास जाणवत नाही. पण दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक गरोदरपणी बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. रक्ताच्या एका तपासणीने हे कळते, आणि ती आयुष्यात एकदाच करावी लागते. पत्रिकेतले गुण जुळवणाऱ्यांनी रक्ताचेही पाहावे, असे मला वाटते. यात लाज कसली? वाहक असणे हा रोग नव्हे आणि दोष तर मुळीच नव्हे.

शेवटी शिबिरांविषयी स्पष्ट लिहितो. श्रमसंस्कार शिबिरात आरोग्य तपासणी होते, नारळ फुटतो, छायाचित्र निघते, भाषणे होतात. महिन्याने त्या पाड्यावर कोण जाते? दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात. त्यांच्याबरोबर मूलही जाते, आणि त्याच्या वजनाची नोंद मात्र अंगणवाडीच्या दप्तरात मागे राहते. म्हणून माझी सूचना अशी : राष्ट्रीय सेवा योजनेच्या आपल्या पथकाने दहा गावे मिरवण्याऐवजी एकच पाडा वर्षभर धरावा. दरमहा वजनाच्या दिवशी आपल्यापैकी दोघांनी आशाताईंच्या व अंगणवाडीताईंच्या मदतीला जावे. स्थलांतराला निघणाऱ्या प्रत्येक आईच्या हाती माता-बाल संरक्षण कार्ड ताज्या नोंदींसह आहे ना, हे पाहावे. कमी वजनाचे मूल दिसले, तर त्याला मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात पोहोचवेपर्यंत पाठ सोडू नये.

हे काम दिखाऊ नाही. त्याचे प्रमाणपत्र भिंतीवर लागणार नाही. पण वारली, कोकणा, कातकरी, ठाकर बोलीत त्या आईशी बोलू शकणारा शिकलेला मुलगा किंवा मुलगी बाहेरून येणार नाही. ती आपल्याच बाकांवर बसलेली आहे.